कशेळीच्या पुलावर अण्णा काय बोलले

आधीच सांगून टाकतो, या सदरात येणाऱ्या बहुतेक गोष्टी मला भिकार वाटतात. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, चिंचेचं झाड आणि रात्री बाराचा ठोका... भुतांना दिवसा कुठे नोकऱ्या असतात की काय कोण जाणे. माझी बायको सुलभा हे सदर आवडीने वाचते आणि मी तिला आवडीने हसतो. जन्मभर मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. गेज लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. माणसांनाही मी तोच गेज लावतो असं सुलभाचं म्हणणं, आणि ते खरं आहे. तुमच्या असल्या अनुभवांवर माझा कधीच विश्वास नव्हता. भुतावर तर आजही नाही. पण एक गोष्ट माझ्या गेजात बसली नाही ती नाहीच, म्हणून लिहितोय.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. आम्ही कल्याणला पारनाक्याजवळ राहायचो. माझे वडील, अण्णा, हायस्कूलात मराठीचे शिक्षक होते. मूळचे वाईकडचे, आणि शुद्ध बोलण्याचा भयंकर ताठा. भाजीवालीने 'पानी' म्हटलं की तिच्याकडून 'पाणी' वदवून घ्यायचे आणि मगच मेथीची जुडी पिशवीत टाकायचे. बाजारातल्या कोळणी बोलायला लागल्या की म्हणायचे, "ही भाषा आहे की खोकला?" घरात मासळी शिजत नव्हती, त्यामुळे त्यांच्याशी संबंध एवढाच, लांबून नाक मुरडण्यापुरता. मला ते 'गाढवा' म्हणायचे. मी चाळिशी ओलांडून दोन मुलांचा बाप झालो तरी गाढवच. बापाने मला दिलेली इस्टेट म्हणाल तर जगाकडे तुच्छतेने बघायची सवय, आणि ती मी जपून वापरली.

तर या माणसाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा बंद झाली. नुसतं 'अं... अं...' एवढंच. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे उच्चार सुधारले त्याला पाणी मागता येईना. कप भिरकावायचे रागाने. ठाण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणि बोलण्याच्या सरावाला आणा. पहिल्या सहा महिन्यांत जे परत येईल ते आपलं. नंतर फार आशा धरू नका."

सहा महिने. आणि कल्याणहून ठाण्याला न्यायचं कसं? स्टेशनचा जिना त्यांना उचलून चढणं दोनदा केलं, दुसऱ्यांदा आम्ही दोघेही पडलो. रिक्षात ते तोल जाऊन घसरायचे. गाडी पाहिजे होती, आणि नवी गाडी आमच्या सात पिढ्यांनी पाहिलेली नव्हती.

कंपनीतल्या एकाने सांगितलं की बाळकुमला, खाडीच्या काठाला, एका कोळणीच्या पडवीत गाडी उभी आहे. नवरा वारल्यापासून तशीच. गेलो बघायला. टॅक्सीवाले चालवतात तीच जात, फक्त रंग मळखाऊ पांढरा. आत कोंबडीने अंडी घातलेली. पंधरा वर्षं उलटून गेलेली, म्हणजे कागदही मेलेले. सगळी दुरुस्ती करून आरटीओकडून पास करून घेतली तरच गाडी, नाही तर भंगार. पण इंजिनाला हात लावून पाहिलं, जाम नव्हतं. घेतली.

मालकीण सोनूमावशी. तिच्या नवऱ्याचं, हिराजीचं, आधी मासेमारीचं गलबत होतं. कारखान्यांच्या पाण्याने खाडीतली मासळी मेली तेव्हा त्याने गलबत मोडलं आणि ही गाडी घेतली. गावातल्या लोकांना दवाखान्यात न्यायचा, लग्नाला न्यायचा. आणि नाही, तो गाडीत मेला नाही, पुलावरून पडूनही मेला नाही. घरी, पोटभर जेवून, झोपेत गेला. कोणाची निराशा झाली असेल तर माफ करा.

कागदांवर अंगठा उठवून झाल्यावर सोनूमावशी म्हणाली, "गारी ने बाला, पन येक आयक. खारीच्या पुलाव गेलास क जरा हलू कर नि तिच्याशी दोन सबुद बोल. आमचे ह्ये होरीशी बोलाचे, तसेच हिच्याशी बोलाचे. रोज."

मी म्हटलं, "मावशी, ही गाडी आहे. म्हैस नाही."

"म्हशीला चारा लागतो रं. हिला निस्ते सबुद पायजेत."

कोळी लोक खाडीच्या मुखातून बाहेर पडताना होडीशी बोलतात हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त हसलो. कुठले दोन शब्द, हे विचारलंसुद्धा नाही. हे लक्षात ठेवा. मी शब्द विचारले नव्हते, आणि अण्णा तिथे नव्हते. ते कल्याणला खिडकीशी बसलेले होते.

टेम्पोच्या मागे दोराने बांधून मेलेल्या म्हशीसारखी ती गाडी कशेळीच्या पुलावरून कल्याणला ओढत आणली. दुर्गाडीजवळ हनीफमिस्त्रींचं गॅरेज होतं. साठीचा माणूस, कमी बोलायचा. तीन आठवड्यांत करतो म्हणाले आणि अडीच महिने लावले. मिस्त्री लोकांचं कॅलेंडर वेगळं छापून येतं. ब्रेकचे सिलिंडर गळत होते, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, हँडब्रेकची तार तुटलेली, एक हेडलाइट आंधळा. रोज संध्याकाळी कंपनीतून परस्पर गॅरेजला जाऊन मी त्यांच्या डोक्यावर उभा राहायचो. तिकडे अण्णांचे सहा महिने चालले होते आणि इकडे पार्ट मिळत नव्हते.

एक दिवस हनीफमिस्त्रींनी बोलावून दाखवलं. डाव्या सीटखाली पत्रा नव्हताच. गंजून गेला असणार, आणि हिराजीने तिथे लाकडाची फळी ठोकलेली. डांबर पाजलेली, जाड, सागाची. गलबताची.

"साब, पत्र्यापेक्षा ही जास्त टिकेल," हनीफमिस्त्री म्हणाले.

"आरटीओत होड्या पास करत नाहीत. काढा."

फळी काढली, पत्रा वेल्डिंग केला. फळी डिकीत टाकली, चढावर चाकाला अडण लावायला कामी येईल म्हणून.

गाडी तयार झाली तेव्हा अण्णांच्या सहा महिन्यांतले दोन उरले होते. कल्याणात फिरवून पाहिली, मस्त चालली. तपासणीची तारीख मिळाली. ठाण्याचं ऑफिस, म्हणजे दुर्गाडीचा पूल, कोनगाव, भिवंडीची वेस, कशेळीचा पूल, बाळकुम, माजिवडा. सकाळी साडेदहाला कशेळीच्या पुलाच्या बरोबर मध्यावर, कठडा मोडलेला होता तिथे, गाडी बंद पडली. दोन ट्रकवाल्यांनी शिव्या देत धक्का मारून पल्याड काढली. तारीख चुकली.

"मशीनला भूत लागत नाय साब, कचरा लागतो," हनीफमिस्त्री म्हणाले. या विषयावर माझ्या कानांनी ऐकलेलं एवढंच शहाणं वाक्य. त्यांनी कार्ब्युरेटर धुतला, पेट्रोलचा पंप उघडला, पॉइंट बदलले. दुसरी तारीख घेतली. या वेळी ऊन चढायच्या आत, आठलाच पुलावर होतो. मोडका कठडा आला... आणि बंद. तीच जागा.

वेपर लॉक, मी म्हटलं. गरम इंजिनात पेट्रोलची वाफ होते आणि अडकते. कल्याणपासून तिथपर्यंत यायला लागणारा वेळ तोच, म्हणून जागा तीच. मला आजही हे पटतं. बंद पडण्याचं कोणाला कौतुक सांगायचं नाहीये मला. जुन्या गाड्या बंद पडतात, तो त्यांचा धर्म आहे.

घरी सुलभा म्हणाली, "अहो, ती बाई म्हणाली ते दोन शब्द बोलून टाका ना. तुमचं काय जातंय?"

"मी गाडीशी बोलायला लागलो की समज मलाही झटका आला."

बोलल्यावर लक्षात आलं, अण्णा ऐकत होते. त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. मला फार वाईट वाटलं, पण आमच्या घरात असं कोणी कोणाला सांगत नाही. मी पेपर उघडून बसलो.

तिसऱ्या तारखेला महिना-सव्वा महिना उरला होता. त्याच दिवशी अण्णांची डॉक्टरांकडे पाळी होती. मी ठरवलेलं की गाडी मी नेईन आणि सुलभा त्यांना रिक्षाने घेऊन येईल. तर अण्णांनी डाव्या हाताने गाडीचं दार धरलं ते सोडेचनात. पास न झालेल्या गाडीत रोग्याला बसवायचं हे माझ्या नियमात बसत नव्हतं. पण त्या हातात इतका जोर होता की मी हरलो. पुढच्या डाव्या सीटवर बसवलं आणि कमरेला धोतराने बांधलं.

कशेळीचा पूल. मोडका कठडा. बंद.

मागे ट्रकांची रांग लागली, हॉर्न सुरू. मी उतरलो, फळी काढून मागच्या चाकाला लावली, बॉनेट उघडलं, मला येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या — गाडीला, हिराजीला, सोनूमावशीला, देवाला, ज्याच्यावर माझा विश्वास नाही. मग परत येऊन स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसलो. खरं सांगतो, मी तेव्हा सगळ्याच आशा सोडल्या होत्या. गाडीची, आणि अण्णांचीही.

अण्णा खाडीकडे बघत होते. त्यांनी डावा हात डॅशबोर्डवर ठेवला आणि दोनदा थोपटलं. आणि बोलले. 'अं अं' नाही. स्वच्छ, खणखणीत, वर्गात बोलायचे तसं —

"चल गो बाय, पानी शांत हाय. पल्याड पोरां वाट बगतान."

आवाज माझ्या बापाचा. एक अक्षरही माझ्या बापाचं नाही. 'पानी' म्हणाले ते. अण्णा, 'पानी'!

मी सवयीने चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. फळी पुलावरच राहिली, उतरून उचलायचं मला सुचलं नाही. बाळकुम नाक्याला गाडी बाजूला घेतली. अण्णांच्या केसपेपरच्या मागे ते वाक्य जसंच्या तसं लिहून काढलं. इन्स्पेक्शनची सवय, जे दिसलं ते आधी लिहायचं, अर्थ मागाहून. "अण्णा, परत बोला," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अं..."

आरटीओचा इन्स्पेक्टर हा या गोष्टीतला मला मनापासून आवडलेला माणूस. इस्त्रीच्या शर्टाने सरळ गाडीखाली आडवा झाला. ब्रेक पाहिले, हँडब्रेक ओढून दोघांना गाडी ढकलायला लावली, दिवे, हॉर्न. चेसिसच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली आणि छाप कागदावरच्या नंबराशी ताडून पाहिली. डाव्या बाजूचा नवा पत्रा बोटाने वाजवला. "चांगलं काम केलंय," म्हणाला आणि सही केली. गाडी पास. जगात अजून कोणी नीट काम करतं हे पाहून मला बरं वाटलं.

पुलावरचं सांगितलं तेव्हा डॉक्टर आनंदले. म्हणाले, असं होतं, वाचा गेलेला माणूस अचानक आरती म्हणतो, शिवी देतो. मेंदूतली ती वाट वेगळी असते.

"पण ही त्यांची भाषा नाही," मी म्हटलं.

"कुठेतरी कानावर पडली असेल. बाजारात वगैरे."

हेही मी मान्य केलं. कोळणी कल्याणातही होत्या. म्हणून मग मी एकटाच सोनूमावशीकडे गेलो. अण्णांबद्दल अवाक्षर काढलं नाही, साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचे नसतात. फक्त विचारलं, "मावशी, ते दोन शब्द कुठले म्हणालीस?"

ती सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चल गो बाय, पानी शांत हाय. पल्याड पोरां वाट बगतान." आणि मग, "आता ईचारतंस व्हय? गारी रुसली वाटतं."

मी दुसऱ्या कागदावर लिहून घेतलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले. काना-मात्रेचाही फरक नाही. हिराजी कल्याणला मासळी विकायला यायचा का? नाही. अण्णा कधी बाळकुमला गेले होते का? जन्मात नाही. हे वाक्य गावात सगळेच म्हणतात का? मावशी म्हणाली, ज्याचे त्याचे शब्द वेगळे, हे फक्त आमच्या घरातले. आता तुमच्यापैकी कोणीतरी 'फळी, फळी!' म्हणून ओरडेल, म्हणून सांगतो — फळी पुलावरून केव्हाच गायब झालेली. मी परतताना बघितलं, नव्हती. आणि तरी अण्णा बोलत राहिले.

पुढचा महिनाभर, आठवड्यातून तीनदा, जाताना आणि येताना. मोडका कठडा आला की डावा हात डॅशबोर्डवर, दोन थापा आणि ते वाक्य. ते सोबत असताना गाडी एकदाही बंद पडली नाही. एकदा मी मुद्दाम एकटाच गेलो आणि तोंड घट्ट मिटून बसलो. बंद. तासभर उन्हात बसलो, पण नाही बोललो. मी माझ्या बापाचा मुलगा आहे.

पुलाच्या दोन्ही टोकांपलीकडे मात्र अण्णा मुके. घरी मुके, डॉक्टरांसमोर मुके. पुलावर मी हळू जायचो, मागच्यांच्या शिव्या खात, आणि विचारायचो, "अण्णा, मी कोण? माझं नाव सांगा. गाढव म्हणा, चालेल." ते खाडीकडे बघायचे. माझा बाप बोलत होता, पण एका खटाऱ्याशी. मला त्या गाडीचा हेवा वाटायचा. हसा हवं तर.

सहा महिने संपले त्या दिवशी डॉक्टरांनी केसपेपर मिटला. "आता यायची गरज नाही," म्हणाले. हात थोडा सुधारला होता, वाचा नाही. परत निघालो. माजिवडा, बाळकुम, पूल. दुपारचे तीन, खाडीला भरती. डोळ्यांपुढे सगळं धूसर होतं आणि मी चष्म्याला दोष देत होतो.

अण्णांनी गाडीला त्यांचं वाक्य म्हटलं. मग तो डावा हात डॅशबोर्डवरून उचलला, अख्खं अंग वळवून माझ्यापर्यंत लांबवला आणि गिअरवरच्या माझ्या हातावर ठेवला. म्हणाले,

"दमलास क रं बाला?"

आयुष्यात हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. शाळेत पहिला आलो तेव्हा नाही, ओव्हरटाइम करून पहाटे घरी यायचो तेव्हा नाही. मी म्हटलं, "हो अण्णा. दमलो." त्यांनी हात थोपटला. मग पूल संपला.

त्यानंतर ते दोन वर्षं होते. एक शब्द बोलले नाहीत, पुलावरसुद्धा नाही. गाडी पुढे भंगारात गेली.

मला अजूनही काही उमगलेलं नाही. ते दोन कागद आजही माझ्या कपाटात आहेत. इंजिनिअरिंगच्या भाषेत कोणाला सांगता आलं तर सांगा. आत्म्याच्या भाषेत सांगणार असाल तर पोस्टाचं तिकीट वाया घालवू नका.

सुलभा एकदाच म्हणाली होती, "ते दुसरं वाक्यही विचारून या की मावशीला." बाळकुम वाटेतच होतं, कंपनीतून सुटलो की दहा मिनिटांचा फेरा. आयुष्यभर मी प्रत्येक वस्तूला गेज लावला. पण समजा मी विचारलं, आणि सुकट निवडता निवडता मान वर न करता ती म्हणाली, "ह्ये त आमचे ह्ये रोज पोराला बोलाचे"... तर?

मी गेलो नाही. तेवढी एक तपासणी मी केलेली नाही.